दोरी सैल सोडा, अण्णा

अण्णा, तुमच्या दहाव्याला वरच्या वस्तीवर सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. मी मात्र गप्प बसले होते. तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं, आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस समोर नव्हता. सुरेखानं, तुमच्या सुनेनं, दोनदा विचारलं, "बाई, तुमी कायच बोलत न्हाई?" मी म्हणाले, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. चिडले होते मी तुमच्यावर, आणि अजून चिडलेलीच आहे. हे लिहायला घेतलंय ते तुमची थोरवी गायला नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि ते मला पुरं करायचंय.

अर्धं टाकून जाणं ही तुमची जुनी खोड. मी काही समजावून सांगायला लागले की तुम्ही मध्येच उठायचात, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवायचात, "बरं, बगू" म्हणायचात आणि सगुणेवर, तुमच्या घोडीवर, बसून चालू पडायचात. माझं वाक्य माझ्या तोंडात. चौदा वर्षांत मी तुमच्याशी एकही वाद शेवटपर्यंत नेला नाही. जिंकलेही नाही आणि हरलेही नाही, नुसती घोडीची शेपटी बघत रस्त्यात उभी राहिले.

पहिल्यांदा भेटलात तेव्हाही तुमची पाठच दिसली होती. नसरापुरात जनावरांचा दवाखाना थाटून मला जेमतेम दोन महिने झाले होते. आठवड्यातून एकदा वेल्ह्याला यायचं असं ठरवलं होतं, आणि त्या दिवशी एसटी स्टँडच्या मागच्या डांबरी रस्त्यावर एक लंगडता घोडा माझ्यासमोर आणला होता. मी कॉलेजात शिकवल्याप्रमाणे समोरून बघितलं, मागून बघितलं, वाकून बघितलं. भोवती दहा-बारा माणसं, आणि सगळे घोड्याऐवजी मलाच बघत होते. त्यात एक काटकुळा माणूस रस्त्याकडे पाठ करून उभा. मला वाटलं, बाईमाणूस डॉक्टर आहे म्हणून तोंड फिरवलंय. मी फणकाऱ्यानं विचारलं, "तुम्हाला बघायचं नसेल तर इथं थांबलात कशाला?"

तुम्ही वळलातसुद्धा नाही. "म्या बगतुय की," म्हणालात. "कानानं."

मग सांगितलंत, की उजवा पुढचा पाय रस्त्यावर हलका पडतोय, आवाज उणा आहे. "डोळं लई लबाड असत्यात, डॉक्टरीनबाई. मनात जे आसंल तेच दावत्यात. कान गरीब. जे पडलं त्येच सांगत्यात." मी खूर उचलून दाबून बघितला, तर घोड्यानं पाय ओढून घेतला. उजवा पुढचाच. लोकांनी तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही काय केलंत? "बाईंनी बराबर वळाकलं," म्हणालात, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी काहीएक ओळखलेलं नव्हतं. वेल्ह्याच्या बाजारात त्या दिवशी माझी जी पत बसली ती तुमच्या त्या एका खोट्या वाक्यावर बसली, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आता मानते. पण यानं भांडण मिटलं असं समजू नका.

तुम्ही त्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर बैलांना पत्र्या मारायचात, घोड्या-तट्टांना नाल ठोकायचात, खुरं तासायचात. जिथं माझी जीप चढत नाही तिथं तुमची सगुणा चढायची. लहानखुरी, तांबडी, आणि तुम्ही सांगायचात तशी चावरी घोडी. पाठीवर तुम्ही आणि तुमची पिशवी, पिशवीत हातोडा, सांडशी, कानस आणि अर्धा भाकरतुकडा. कुठल्या वस्तीवर कुठलं जनावर लंगडतंय हे मला तुमच्याकडून कळायचं. "वर या एकदा" एवढाच निरोप यायचा. रोग काय ते कधी सांगायचा नाहीत. मी वर पोचल्यावर मला पाठमोरं उभं करायचात आणि जनावर पळवायला लावायचात. "काय आयकू आलं?" मला पहिली दोन वर्षं नुसता धुळीचा वास आला. मग हळूहळू ऐकू यायला लागलं.

आणि मग मी यंत्र घेतलं.

ते यंत्र बघून तुम्ही जे हसलात ते मी विसरलेले नाही. काडेपेटीएवढ्या तीन डब्या. एक घोड्याच्या दोन कानांच्या मध्ये, एक मागं शेपटीच्या वर, पुठ्ठ्याच्या उंचवट्यावर, एक पुढच्या उजव्या पायाला. "घोडीला टिकल्या लावताय व्हय? हळद कवा लावायची?" स्टँडवरची माणसं पोट धरून हसली. मी दात-ओठ खात समजावून सांगितलं. जनावर दुडक्या चालीनं सरळ पळवायचं. दुखरा पाय टेकताना ते डोकं वर उचलतं, चांगला पाय टेकताना खाली टाकतं. हा वर-खालीचा फरक बारीक असला तर आपल्या डोळ्याला दिसत नाही. दोन डॉक्टर शेजारी उभे केले तर दोघं दोन वेगळे पाय सांगतात. या डब्या प्रत्येक पावलाला मोजतात आणि टॅबलेटवर रेघ उमटते. सरळ पाय असेल तर रेघा सारख्या, दुखणं असेल तर त्या पायाच्या बाजूला लाल रेघ. यंत्राला मन नाही, त्यामुळे मनातलं दिसण्याचा प्रश्न नाही. तुमच्याच शब्दांत तुम्हाला पकडलं म्हणून मी खूश होते.

"बरं, बगू," म्हणालात आणि निघून गेलात.

पुढं भाटघरचा तो पांढरा घोडा आला. वरातीला नेतात तो. तुम्ही पाठ फिरवून ऐकलंत आणि सांगितलंत, डावा पुढचा. मलाही डोळ्यानं डावा पुढचाच वाटला. यंत्र म्हणालं, डावा मागचा. मी त्या पायाची नस सुईनं बधिर केली, अर्ध्या तासानं पुन्हा पळवला, तर घोडा वरातीत निघाल्यासारखा पळाला. मागचा पाय दुखत असला की जनावर भार पुढं ढकलायला डोकं खाली टाकतं, आणि बघणाऱ्याला त्याच बाजूचा पुढचा पाय लंगडल्यासारखा वाटतो. मी हे तुम्हाला सविस्तर सांगत होते आणि तुम्ही पहिल्यांदाच मध्ये उठला नाहीत. तंबाखू मळत बसलात. मळून झाल्यावर खाल्लीसुद्धा नाहीत, तशीच टाकून दिलीत. आणि मग वाडीवाडीवर सांगत सुटलात, "बाईंचं यंत्र खोटं बोलत न्हाई." माझ्यापेक्षा तुमचाच त्याच्यावर विश्वास बसला. माझं सगळं दुखणं तिथून सुरू होतं, अण्णा. तुम्ही त्या दिवशी हरायला नको होतं.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी मी सगुणेला सहज म्हणून डब्या लावल्या. आजारी नव्हती, काही नव्हती. एका निरोगी घोडीची रेघ कशी येते ती जवळ असावी एवढाच हेतू. ती चावरी, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही असं तुम्ही सांगितलंत, म्हणून दोरी तुमच्या हातात. मोबाईल तिपाईवर लावून मी पळताना चित्रणही केलं, दर वेळी करते तसं. तुम्ही दोघं जोडीनं पळत गेलात, जोडीनं परत आलात. टॅबलेटवर डाव्या पुढच्या पायाला लाल रेघ.

तुम्ही म्हणालात, "घोडीला काय बी झालं न्हाई. आवाज सारका हाय."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "भाटघरचा घोडा विसरलात का, अण्णा?"

तुम्ही गप्प झालात. तुमच्या त्या गप्प होण्याचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे लिहायला आज हात धजत नाही, पण झाला होता.

पुढच्या महिन्यात रेघ वाढली. मी खुराजवळ सुई दिली, फरक नाही. घोट्यावर दिली, नाही. गुडघ्याखाली दिली, नाही. तुम्ही प्रत्येक सुईला तोंड दुसरीकडे फिरवायचात आणि सगुणेच्या मानेवरून हात फिरवत राहायचात. एक्स-रे काढला, हाडं काचेसारखी स्वच्छ. दुखण्याची पावडर आठ दिवस चारली, रेघ तसूभर हलली नाही. सुईनं दुखणं जात नाही, औषधानं जात नाही, हाडात दिसत नाही, पुठ्ठ्यावरची डबी म्हणते सगळं ठीक आहे. कुठल्याही शहाण्या डॉक्टरनं इथं थांबून विचार केला असता, की हे दुखणं घोडीचंच आहे ना? मी थांबले नाही. मी ठरवलं, खांद्यात आहे, जिथं माझी सुई पोचत नाही तिथं. आणि फर्मान काढलं, तीन महिने सगुणेवर बसायचं नाही. ओझंही टाकायचं नाही, पिशवीसुद्धा नाही.

आणि तुम्ही ऐकलंत. जन्मात माझं काही ऐकलं नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या म्हणून मी चार वर्षं डोकं फोडलं, तुम्ही गंजक्या खिळ्यांत हात घालत राहिलात. मोबाईल जवळ ठेवा म्हटलं, तो तुम्ही फडताळात ठेवलात. पण हे ऐकलंत! जे एक ऐकायचं नव्हतं नेमकं तेच!

तुम्ही चालायला लागलात. पिशवी खांद्यावर, दोरी हातात, घोडी शेजारून मोकळी. वरच्या वस्तीपासून खाली वेल्ह्यापर्यंत, वेल्ह्यापासून पलीकडच्या वाड्यांवर. लोक चेष्टा करायचे, घोडी असून म्हातारा पायी चाललाय. एकदा मी जीपमधून तुम्हाला चढावर गाठलं. तुम्ही सगुणेला अगदी चिकटून, दोरी तोंडाशी आखूड धरून, थोडे वाकून चालला होता. मी काच खाली केली आणि म्हणाले, "शाब्बास अण्णा! असंच चालू ठेवा." तुम्ही हसलात. मी हॉर्न वाजवून पुढं गेले. जीप रिकामी होती, अण्णा. तुम्हाला बसवून न्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण घोडी जीपमध्ये मावत नव्हती आणि माझं सगळं लक्ष घोडीकडे.

दर महिन्याला रेघ वाढतच होती. आराम देऊनही वाढते म्हणजे काय? मी सरळ तुमच्यावर आळ घेतला. "तुम्ही बसताय तिच्यावर. मी वळले की बसताय." तुम्ही म्हणालात, "मेंगाईची आन, डॉक्टरीनबाई, येकदा बी बसलो न्हाई." तोरण्यावरच्या देवीची शपथ तुम्ही उगाच घेणारे नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही, हे तुमचंच वाक्य आहे." तुमचा चेहरा असा काही उतरला की मी टॅबलेटमध्ये तोंड खुपसलं. त्या दिवशी तुम्ही "बरं, बगू" म्हणाला नाहीत.  दोरी धरून निघालात. मी तुम्हाला खोटारडं ठरवलं, तुमच्या गावात, तुमच्या घोडीसमोर. याची माफी मागायची राहिली आहे. ती कशी मागतात गेलेल्या माणसाकडे, मला माहीत नाही.

आता तुमचा गुन्हा ऐका. मी एकदा विचारलं होतं. "अण्णा, तुम्ही असे वाकून का चालता हल्ली?" तुम्ही म्हणालात, "थंडीचं आखडतंय." तेव्हा फाल्गुन संपत आला होता. मी म्हणाले, एकदा भोरला जाऊन दाखवून या. तुम्ही म्हणालात, "मानसाच्या डाक्टरला टिकल्या लावता येत्यात का?" आणि आपण दोघंही हसलो. संपलं. तुम्ही घरात कोणाला ताकास तूर लागू दिली नाहीत. सुरेखानं विचारलं तर तिला सांगितलंत, चप्पल चावतीय. मुलगा टेम्पो घेऊन आठ-आठ दिवस बाहेर, त्याला तर काहीच नाही. साठ वर्षं दुसऱ्याच्या दुखऱ्या पायावर हात ठेवणारा माणूस, आणि स्वतःचा पाय दाखवायला एवढी लाज? बैल पाडून त्याचे पाय बांधून तुम्ही पत्री मारायचात ना? तसं तुम्हालाच पाडून बांधून न्यायला पाहिजे होतं.

मग एक दिवस उठताच आलं नाही तुम्हाला. पुण्याच्या दवाखान्यात कळलं, गाठ आधी पोटात कुठं तरी होती आणि आता खुब्याच्या हाडात उतरलीय. डाव्या खुब्याच्या. मी भेटायला आले तेव्हा पांढऱ्या चादरीवर तुम्ही अगदी मुठीएवढे दिसत होता. मी काहीतरी धीराचं बोलायची तयारी करून आले होते. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "सगुनाची रेघ काय म्हनतीया?"

मी म्हणाले, तुम्ही घरी आलात की बघू.

"घोडी कोन फिरवतंय?"

"सुरेखा."

"तिला म्हनावं जोडीनं चाल. म्होरं न्हाई, मागं न्हाई. पावलाला पाऊल." एवढं बोलून तुम्हाला धाप लागली. आणि मग सवयीप्रमाणे डोळे मिटून घेतलेत, माझं वाक्य माझ्या तोंडात ठेवून. तेच शेवटचं.

तेराव्यानंतर सुरेखाचा फोन आला. सगुणेला गिऱ्हाईक आलं होतं, पण लंगडी घोडी म्हणून तो मांसाच्या भावात मागत होता आणि कुठं नेणार ते सांगत नव्हता. "तुमी लिवून दिलंत की थोडीच लंगडती, तर बऱ्या घरी जाईल, बाई. आमी तरी न चालनारी घोडी किती दीस सांबाळनार?" मी म्हणाले, खाली घेऊन ये, एकदा शेवटचं मोजू.

सकाळी त्याच डांबरी रस्त्यावर ती घोडी घेऊन आली. मी विचारलं, चावली नाही का तुला? "ती कशाला चावती? लई गरीब हाय." म्हणजे हेही तुमचं खोटंच. दुसऱ्या कोणाच्या हातात दोरी द्यायची नव्हती, दुसरं काही नाही.

डब्या लावल्या. सुरेखा दोरी लांब धरून, पदर खोचून पळाली. टॅबलेटवर बघितलं, सगळ्या रेघा सारख्या. लाल नावाला नाही.

मला वाटलं डबी सैल झाली. काढून पुन्हा लावली. पुन्हा तेच. बॅटऱ्या बदलल्या. पुन्हा तेच. सुरेखा धापा टाकत म्हणाली, "बाई, घोडी नीट पळतीया की. अजून कितींदा? माजा दम ग्येला." मी तिला म्हणाले, आता दोरी आखूड धर, अण्णा धरायचे तशी, तोंडाशी. पळाली. रेघा सारख्याच.

मग चढावर वाकून चाललेले तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आलात. मी म्हणाले, "सुरेखा, आता डाव्या पायानं लंगडत पळ. घोडीच्या पावलाला पाऊल जुळव, आणि डावा पाय टेकला की भार दोरीवर टाक."

ती माझ्याकडे बघतच राहिली. स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती, खिडक्यांतून माणसं बघत होती. भर रस्त्यात एक बाई लंगडत घोडीबरोबर पळतेय आणि दुसरी हातात पाटी धरल्यासारखा टॅबलेट धरून उभी आहे. कोणीतरी हसलंही. सुरेखा अर्ध्या रस्त्यापर्यंत तशी पळाली आणि मध्येच थांबली. घोडीही थांबली. सुरेखानं वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई," ती म्हणाली, "मामा असंच चालायचं." सासऱ्याला ती मामा म्हणायची.

टॅबलेटवर लाल रेघ होती. डाव्या पुढच्या पायाला.

समजलं का तुम्हाला, अण्णा? तुमचा डावा खुबा दुखत होता. डावा पाय टेकला की तुम्ही कळ सोसायला दोरीवर भार टाकत होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तुमची पावलं सगुणेच्या पावलांशी अशी जुळलेली, की दर वेळी तिचा उजवा पुढचा पाय टेकताना तिचं डोकं खाली ओढलं जात होतं, आणि यंत्र उजव्याला चांगला समजून डाव्याला दुखरा ठरवत होतं. मी तिच्या कानांच्या मध्ये डबी लावून तुमचं दुखणं मोजत होते. दर महिन्याला. वाढताना. खुराला सुया दिल्या तिच्या, आणि वाढत होतं तुमच्यात. आणि उपाय म्हणून मी तुम्हाला घोडीवरून उतरवून डोंगर चढायला लावला.

दोरी सैल सोडा, दोरी सैल सोडा म्हणून मी दर वेळी ओरडायचे. डोकं मोकळं राहिलं तरच माप खरं येतं, हा त्या यंत्राचा पहिला नियम. तुम्ही दहा पावलं सैल सोडायचात आणि अकराव्याला परत आखूड. मी कपाळावर हात मारून घ्यायचे, म्हातारा ऐकतच नाही म्हणून. का ऐकत नाही, हे एकदा तरी विचारायचं ना मी! आणि तुम्हीही एकदा तरी सांगायचं ना! "बाई, दोरी सोडली तर पडंन म्या." सहा शब्द. एवढे सहा शब्द तुम्हाला जड झाले? तुम्हाला घोडीच्या पावलाचा आवाज सारखा ऐकू येत होता, मग शेजारी पडणारं तुमचं स्वतःचं पाऊल ऐकू येत नव्हतं? की येत होतं आणि तुम्ही कानाडोळा केलात? तुमचे कान तर गरीब होते ना, अण्णा? जे पडलं तेच सांगणारे?

मी सुरेखाला तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं, घोडीला कसलंही दुखणं नाही आणि नव्हतं. तिनं तो कागद वाचला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि म्हणाली, "मंग कशाला इकायची? दुदाचे कॅन मी डोक्यावरून आनती रोज वस्तीवरनं. ही आनंल." सगुणेच्या पाठीवर थाप मारून ती चालू लागली. जोडीनं, पावलाला पाऊल. तुमचा निरोप मी तिला दवाखान्यातून आल्याबरोबरच दिला होता.

गिऱ्हाईक परत गेलं. हे तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून सांगितलं. सगुणा घरीच आहे.

परवा दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं. मोबाईलमधली सगळी चित्रणं काढली, दिवाळीपासूनची, एकामागून एक लावली, मोबाईल टेबलावर ठेवला आणि तुम्ही शिकवलंत तशी पाठ फिरवून उभी राहिले. भिंतीकडे तोंड करून.

सगुणेची पावलं सारखी पडत होती. पहिल्या महिन्यातही आणि शेवटच्या महिन्यातही, एक पाऊल उणं नाही. तुम्ही सांगत होता तशीच. आणि तिच्या शेजारी तुमची टायरची चप्पल. दिवाळीत एक पाऊल स्वच्छ, एक किंचित हलकं. पौषात एक पाऊल स्वच्छ, एक घासत. फाल्गुनात तर काय ते स्पष्टच ऐकू येत होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. चौदा वर्षं तुम्ही मला हेच ऐकायला शिकवलंत, आणि मी रस्त्याकडे तोंड करून टॅबलेट बघत उभी होते.

शेवटच्या चित्रणात माझाच आवाज आला, कंटाळलेला, चढलेला. "दोरी सैल सोडा, अण्णा!" मागून तुमची धाप, आणि धापेतून तुमचा आवाज, "सोडतो की, बाई." मग दहा पावलं. मग परत ती घासणारी चप्पल.

नका सोडू, अण्णा. धरा घट्ट.